कर्करोग आणि मानसिक आरोग्य

मन खचल्याने कर्करोग होतो आणि मन खंबीर ठेवले की तो बरा होतो, या समजाला भक्कम पुरावा नाही. कर्करोगात नैराश्य वारंवार जडते आणि उपचारांनी ते हटते, याला मात्र भरपूर आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात डॉ. जिमी हॉलंड यांनी १९७७ मध्ये कर्करुग्णांसाठी मानसोपचार सेवा उभारली आणि मानस-कर्करोगशास्त्राला आकार दिला. खंबीर मनाने रोग हटतो या समजाला बळ आले ते मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांच्या १९८९ मधील अभ्यासाने. शरीरात पसरलेला स्तनकर्करोग असलेल्या ८६ स्त्रियांपैकी गटोपचार घेणाऱ्या स्त्रिया इतरांच्या जवळजवळ दुप्पट काळ जगल्या. पण २००१ मध्ये कॅनडातील २३५ स्त्रियांवर तोच उपचार पारखला, तेव्हा आयुष्य वाढले नाही. मनाचा त्रास आणि वेदना मात्र कमी झाल्या. स्पीगल यांनी २००७ मध्ये मांडलेल्या फेरअभ्यासातही एकूण आयुर्मान वाढलेले दिसले नाही.

यावर आक्षेप येतो, की निराश रुग्ण लवकर दगावतात असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. ते खरे आहे, पण बळावलेला रोगच माणसाला निराश करतो; शिवाय खचलेला रुग्ण केमोच्या तारखा चुकवतो, तंबाखू सोडत नाही. रुग्णाच्या इच्छाशक्तीला जबाबदार धरणे म्हणूनच चूक आहे, आणि क्रूरही. ‘धीर सोडू नका’ असे सतत ऐकणाऱ्याला रोग उलटला की तो आपलाच पराभव वाटतो.

आयुष्य वाढत नसेल तर मनावर खर्च कशाला, असेही विचारले जाते. वेदनाशामक देताना हा प्रश्न कोणी विचारत नाही. ९४ अभ्यासांच्या २०११ मधील आढाव्यात साधारण सहा रुग्णांमागे एकाला नैराश्य आढळले. तरी ते नजरेतून सुटते, कारण भूक मरणे, झोप उडणे, थकवा ही लक्षणे रोगाचीही असतात. महाराष्ट्रात तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात जबड्याच्या शस्त्रक्रियेने चेहरा आणि बोलणे बदलते, माणूस चारचौघांत जाणे टाळतो. त्यात घरच्यांनी रोगाचे नाव लपवले असेल तर भीती बोलायलाही कोणी उरत नाही. स्कॉटलंडमध्ये ५०० नैराश्यग्रस्त कर्करुग्णांच्या चाचणीत (२०१४) प्रशिक्षित परिचारिका आणि मनोविकारतज्ज्ञ यांनी कर्करोग पथकाबरोबर केलेल्या उपचारांनी ६२ टक्के रुग्णांचे नैराश्य निम्म्याने तरी घटले; नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण १७ टक्के होते. मनोविकारतज्ज्ञ पथकातच हवा, याला औषधशास्त्रीय कारणही आहे: पॅरोक्सेटीन हे नैराश्यावरचे औषध स्तनकर्करोगावरील टॅमॉक्सिफेनचे शरीरात प्रभावी रूपांतर होऊ देत नाही, म्हणून अशा रुग्णाला दुसरे औषध निवडावे लागते.