आजीचं जातं आणि आपला अर्धा तास



मागच्या व्याख्यानानंतर एक बाई थांबल्या होत्या. चाळिशीच्या पुढच्या असतील. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, दहावीतला मुलगा आणि स्वतःची नोकरी. म्हणाल्या, "सर, डॉक्टरांनी मला रोज व्यायाम करायला सांगितलाय, साखर अगदी काठावर आहे. घरात विषय काढला, तर मोठे दीर म्हणाले, आपल्या आजीला कुठे लागलं होतं जिम? जात्यावर दळायची, भाकरी खायची, नव्वद वर्षं जगली. यावर मी काय बोलू?"

मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे ते उत्तर, असं समजा.

दिरांचं हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. व्हॉट्सॲपवर तर ते रोज सकाळी सुविचारासारखं येतं. (हशा) त्यात दोन दावे आहेत. एक, पूर्वी कामातच व्यायाम होत होता, म्हणून वेगळा लागत नव्हता. दोन, पूर्वीचं खाणं चांगलं होतं, म्हणून माणसं जगत होती. माझा विषय इतिहास, वैद्यक नव्हे. तेव्हा मी हे दावे इतिहासाच्या बाजूने तपासतो.

आधी जातं घेऊ. दगडाच्या दोन तळ्या, वरच्या तळीला लाकडी खुंटा. एका हाताने वैरण घालायची, दुसऱ्या हाताने ओढायचं. जातं मोठं असेल तर दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरायच्या. वेळ कोणती? पहाटेची, घर झोपलेलं असताना. कारण दिवस उजाडला की पाणी, शेण, चूल, शेत. दळण हे बाकीच्या कामाऐवजी नव्हतं, बाकीच्या कामाच्या आधी होतं.

हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह आहे. त्यात माहेर आहे, पंढरी आहे, लेकरू आहे. आणि दळणाचा शीणही आहे. आज आपण ज्याला व्यायाम म्हणून गौरवतो, त्याला करणारी बाई कष्ट म्हणत होती. पिठाची गिरणी आली, शहरांत आधी, खेड्यांत वीज किंवा तेलावरचं इंजिन पोचल्यावर, तेव्हा बायकांनी जातं सोडलं ते काही आळसाने नाही. पहाटेची झोप परत मिळाली म्हणून सोडलं.

आता नव्वद वर्षांचं बघू. स्वातंत्र्याच्या सुमाराला भारतातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. आज ते सत्तरच्या घरात आहे. तो आकडा इतका खाली होता त्याचं मोठं कारण बालमृत्यू, हे मान्य. पण बाळंतपणात गेलेल्या, क्षयाने गेलेल्या, पटकीत गेलेल्या बायका त्यात आहेतच. जी आजी नव्वद वर्षं जगली ती आपल्याला आठवते, कारण ती आठवणीत राहण्याइतकी जगली. तिशीत गेलेल्या तिच्या जावेचा फोटोसुद्धा घरात नसतो.

आणि ती खात काय होती, यापेक्षा केव्हा खात होती हे विचारा. पुरुषांची पंगत, मुलं, मग म्हातारी माणसं, आणि शेवटी उरलंसुरलं घेऊन ती. ही रीत गेली असं आपण समजतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत, पण ताटाचा क्रम त्यातून पूर्ण वगळता येत नाही.

मग व्यायाम म्हणून व्यायाम करत कोण होतं? तर तालमीतले पुरुष. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचं मैदान बांधलं. तालमीची परंपरा थोर आहे, त्यात शंका नाही. पण तिची रचना लक्षात घ्या. व्यायामाला ठरलेली जागा, ठरलेली वेळ, ठरलेला खुराक. आणि पैलवानाचं दूध-बदाम तयार करून देणारं माणूस मात्र घरी.

या रचनेला औंधमध्ये एक छान वळण मिळालं. औंध म्हणजे साताऱ्याकडचं छोटं संस्थान. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी, म्हणजे बाळासाहेब. ते १९०९ मध्ये गादीवर आले. त्याआधी त्यांनी युजीन सँडो या जगप्रसिद्ध पैलवानाच्या पद्धतीचा व्यायाम करून पाहिला होता. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले, स्वतः रोज घालू लागले, संस्थानातल्या शाळांतून मुलामुलींना शिकवू लागले. १९३८ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघालं.

सूर्यनमस्कार प्राचीन की अर्वाचीन, या वादात आज मी जात नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. राजाने असा व्यायाम निवडला की ज्याला आखाडा नको, गदा नको, जोडीदार नको. एका सतरंजीएवढी जागा पुरे. आणि तो बायकांनी, मुलांनी, घरातच करावा असा त्याचा आग्रह होता. व्यायाम तालमीतून उठून माजघरात आला, तो असा. घरच्या माणसासाठी व्यायाम असतो, ही कल्पनाच आपल्याकडे किती उशिरा आली बघा.

जागेचा प्रश्न सुटला. वेळेचा प्रश्न राहिला. त्यासाठी जरा लंडनलाच थांबू. तिथे जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. हृदयविकार कोणाला जास्त होतो, हे ते शोधत होते. त्यांनी लंडनच्या दुमजली बसमधली माणसं घेतली. एकाच बसवर दोन माणसं, ड्रायव्हर आणि कंडक्टर. पगार, वस्ती, राहणी साधारण सारखी. फरक एवढाच की एक दिवसभर बसलेला आणि दुसरा दिवसभर जिना चढउतार करणारा. १९५३ मध्ये निष्कर्ष छापून आले. कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण कमी निघालं. मुंबईत १९३७ पासून दुमजली बस होती. तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी त्या जिन्यावरून वरखाली करणारा कंडक्टर पाहिलेला आहे. त्याला कुणी व्यायामपटू म्हटलं नाही.

म्हणजे दिरांच्या वाक्यात निम्मं तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. कामातली हालचाल शरीराला लागते. पण कंडक्टरचं काम आणि जात्यावरचं काम यांत फरक आहे. कंडक्टरची पाळी संपत होती.

नंतर बरीच वर्षं सल्ला असा होता की हालचाल सलग किमान दहा मिनिटं झाली, तरच धरायची. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही अट काढून टाकली. प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि दोन दिवस स्नायूंना ताकद लागेल असं काहीतरी करावं, असं त्यांचं सांगणं आहे. पण ती मिनिटं कशीही तोडून चालतात. आजाऱ्याची सेवा करणाऱ्या माणसाला सलग अर्धा तास मिळत नाही, पाच-सात मिनिटांचे तुकडे मिळतात. ते तुकडे आता हिशोबात धरले जातात.

आता ताटाकडे येतो. आपल्या घाटावरच्या ताटातली भाकरी मागे पडून पोळी पुढे आली. यामागे आवड आहे, प्रतिष्ठा आहे आणि रेशनही आहे. अमेरिकेच्या पीएल ४८० या १९५४ च्या कायद्याखाली आपल्याकडे गव्हाची जहाजं येऊ लागली. तिकडची लाल ज्वारी, मिलो, खाल्लेली माणसं या सभागृहात असतील. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्यांना सुकडी आठवत असेल. त्या पिढीला आरोग्यदायी अन्न निवडायचं नव्हतं, मिळेल ते खायचं होतं. म्हणून २०२३ हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं झालं, तेव्हा पुष्कळ म्हाताऱ्यांना हसू आलं. गरिबाची भाकरी आता पाकिटात आली!

भरडधान्याचं कौतुक खोटं नाही. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पांढऱ्या तांदळात त्याचा किरकोळ अंशच असतो. पण कोंड्यासकट दळलेल्या गव्हाची पोळी काही विष नाही. आणि ज्या बाईला सासूबाईंची कूस दर दोन तासांनी बदलायची आहे, तिला आठ भाकऱ्या थापायला सांगणं म्हणजे तिच्या हातात पुन्हा जातं देणं.

इथे आजीकडून खरंच काहीतरी शिकण्यासारखं आहे, आणि नेमकं तेच आपण विसरलो. आजी वेळ वाचवत होती. भाजणी म्हणजे काय? धान्यं आणि डाळी एकदाच भाजून दळून ठेवायच्या, मग महिनाभर पाण्यात कालवलं की थालीपीठ. मेतकूट म्हणजे काय? मऊ भातावर घातलं की आजाऱ्याचं आणि लेकराचं जेवण तयार. कुळथाची पिठी दहा मिनिटांत होते. नाचणीचं आंबील, ज्वारीच्या कण्या, मूगडाळीची खिचडी, यांतल्या कशालाच थापायला लागत नाही. जोडीला एखादी पालेभाजी, कोशिंबीर, ताक. हे सगळे थकलेल्या माणसाने शोधलेले उपाय आहेत. आजीचे कष्ट जसेच्या तसे उचलण्यापेक्षा तिची ही काटकसर उचलावी.

शेवटचा मुद्दा, कामाच्या मोलाचा. मुंबईच्या गिरणगावात गावाकडून एकटे आलेले कामगार खानावळीत जेवत. ही खानावळ म्हणजे चाळीतली एक खोली आणि त्यात दोन वेळा पंधरा-वीस माणसांचं रांधणारी एक बाई. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळायला लागलं. तेव्हा कुठे स्वयंपाक हे काम आहे, त्याला तास लागतात आणि मोल असतं, हे कागदावर आलं. घरातल्या स्वयंपाकाचं आणि शुश्रूषेचं ते अजूनही आलेलं नाही. म्हणून घरात वेळ कमी पडला की पहिल्यांदा कापला जातो तो तिचा वेळ.

तर बाई, तुम्ही आज आला असाल तर हे तुमच्यासाठी. आणि दीर आले असतील तर फारच छान. (हशा)

गिरणीने, कुकरने, मिक्सरने कष्ट उचलले. वाचलेला वेळ घरभर वाटला गेला, पण तिच्या वाट्याला नीट आला नाही. तो मागून घ्यायला हवा. जेवणानंतर दहा मिनिटं चालणं, त्या वेळी सासूबाईंजवळ मुलाने बसायचं. सकाळी चहा उकळेपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलणं, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं. जमतील तसे चार-सहा सूर्यनमस्कार, सावकाश. गुडघे, कंबर किंवा रक्तदाब यांची तक्रार असेल तर डॉक्टरांना विचारून. रुग्णाला उचलताना कंबरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून बसायचं. ही रीत फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या आणि घरातल्या आणखी एका माणसाला शिकवा, म्हणजे दर वेळी तुम्हीच लागणार नाही. भाजणी रविवारी दिरांनी भाजावी. जळली तर पुढच्या रविवारी पुन्हा भाजावी.

हे सगळं जमायला शिस्त लागते हे खरं. पण एकट्या बाईची शिस्त पुरत नाही, घराची वाटणी बदलावी लागते. आजीला जिम लागलं नाही म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा, की आजीला स्वतःचा अर्धा तास कधी मिळाला होता का.

जाता जाता एक घरचा अभ्यास देतो. आज रात्री घरी गेल्यावर बघा, सगळ्यात शेवटी कोण जेवतं आणि त्याच्या ताटात भाजी किती उरलेली असते. उद्यापासून त्या माणसाचं ताट पहिलं वाढा.