मीठ, नाका आणि वही

हैदराबादला समुद्र नाही. पण मिठाशिवाय इथल्या कोणत्याही घरचा एक दिवस गेलेला नाही. या साध्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण आपल्या शहराच्या व्यापाराचा इतिहास तिच्यात साठवलेला आहे. ज्या मुलखाला बंदर नसते, त्याचे बंदर सरहद्दीवर असते. निजामाच्या मराठी मुलखासाठी आणि राजधानीसाठी ते काम दीर्घकाळ सोलापूर आणि बार्शी या दोन गावांनी केले. आपल्या घरांत जुन्या गोष्टी निघतात त्या दफ्तरातल्या नोकरीच्या, वकिलीच्या, फार तर जहागिरीच्या. अडत, हुंडी आणि नाका यांच्या गोष्टी निघत नाहीत. आज त्या काढू या.

एके काळी इथल्या राज्याला बंदर होते. कुतुबशाहीत मच्छलीपट्टण हे गोवळकोंड्याचे दार होते. सतराव्या शतकाच्या आरंभी डच तेथे आले, १६११ मध्ये इंग्रज आले. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये याने धान्य आणि मीठ वाहणाऱ्या तांड्यांचे वर्णन केले आहे. एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल असत. आपली कारवान पेठ त्याच काफिल्यांचे नाव आजही सांगते. पुढे १७५९ मध्ये इंग्रजांनी मच्छलीपट्टण फ्रेंचांकडून जिंकून घेतले आणि १७६६ च्या तहाने उत्तर सरकारांचा किनारी प्रदेशही हातून गेला. मीठ तेच, बैल तेच, वाटही तीच. पण वाटेत आता दुसऱ्या राज्याची हद्द लागू लागली. १८०२ च्या व्यापारी तहाने निजामाला मच्छलीपट्टणचे बंदर वापरण्याची मुभा मिळाली आणि मालावर ५ टक्के जकातीचे प्रमाण ठरले. तेव्हापासून या राज्याचा व्यापार समजून घ्यायचा तर बंदराकडे नव्हे, नाक्याकडे पाहावे लागते.

या जकातीला आपले आजोबा ‘करोडगिरी’ म्हणत. संस्थानात येणाऱ्या आणि संस्थानाबाहेर जाणाऱ्या बहुतेक मालावर ती साधारण ५ टक्क्यांनी बसे. पश्चिमेकडे १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली. सोलापूर इंग्रजी मुलखात, आणि पुढे पूर्वेला थोडक्या अंतरावर निजामाची हद्द. मुंबईचा माल इथवर आगगाडीने येई. पुढे नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद या वाटेने बैलगाडी. १८७४ मध्ये वाडी जंक्शनपासून हैदराबादपर्यंत निजामाची रेल्वे सुरू झाली आणि राजधानीचा बराच माल रुळांवर गेला. मराठवाड्याची गोष्ट मात्र वेगळी होती. बालाघाटावरचा कापूस, करडई, जवस उतरायचा तो बार्शीला. बार्शी इंग्रजांची, शेते निजामाची. १८९७ मध्ये बार्शीला लहान रुळांची गाडी आली आणि १९११ मध्ये ती हद्द ओलांडून लातूरला पोचली.

अशा गावी व्यवहार कसा चाले ते पाहा. संस्थानातला दुकानदार दर खेपेला मुंबईला जात नसे. बार्शीचा किंवा सोलापूरचा अडत्या त्याच्यासाठी माल घेई, वखारीत ठेवी, उधारी देई, बिजक लिहून देई. तोच अडत्या त्याचा कापूस विकून देई. दोन्ही रकमा एकमेकींत वळत्या होत; उरलेल्या बाकीची हुंडी निघे. रोकड वाटेवर फारशी हिंडत नसे, आणि वाटमाऱ्याला कागद लुटून उपयोग नसे. कापूस घेऊन आलेली गाडी मीठ, कापड, घासलेट घेऊन परते. परतीचा भार मिळाला की भाडे उतरे. सरहद्दीच्या पेठेचे बळ यातच होते: दोन्ही बाजूंचा माल एकाच ठिकाणी मिळे आणि कोणतीच गाडी रिकामी फिरत नसे.

हिशेबही दोन नाण्यांत ठेवावा लागे. अलीकडे हाली शिक्का, पलीकडे कलदार. ठरलेला दर असा होता की १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. समजा, बार्शीत १०० कलदारांचे कापड घेतले. त्यावर ५ टक्के करोडगिरी, म्हणजे ५ रुपये १३ आणे ४ पै हाली. नाका ओलांडताच तेच कापड भाड्याखेरीज १२२ रुपये ८ आण्यांचे झाले. हे गणित तोंडी करणारा मुनीम जेवढा मोलाचा, तेवढीच मोडी, उर्दू आणि इंग्रजी या तिन्ही लिप्यांचे कागद वाचू शकणारा कारकून मोलाचा. मराठी माणसाला या राज्यात जागा मिळाली, तिचे एक कारण हे दुभाषेपण आहे, असे मला वाटते.

सरहद्द केवळ दूर बार्शीलाच होती असे नाही. ती शहराच्या मध्यावरही होती. कोठीजवळचा रेसिडेन्सी बाजार इंग्रजांच्या अमलाखाली होता. १९३३ मध्ये तो निजामाकडे परत आला आणि सुलतान बाजार झाला. आपण आज तिथे साड्या घ्यायला जातो. तेव्हा तिथे पाऊल टाकले की दुसरा कायदा लागू होई. सावकारी पेढ्या तिथे का वाढल्या, आणि सभा व संस्थाही तिथेच का रुजल्या, याचे उत्तर एकच आहे.

पण नाका उघडतो तसा बंदही होतो. २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारानंतर भारत आणि हैदराबाद यांच्यात ताण वाढत गेला. सरहद्दीच्या गावांतून स्टेट काँग्रेसची शिबिरे उभी राहिली, करोडगिरीचे नाके जाळले गेले. दुसरीकडे रझाकारांच्या अत्याचारांनी लोक हद्द ओलांडून पळू लागले. विमानांनी चोरून शस्त्रे येत होती. भारताने माल अडवला असून त्यात औषधे आणि पाणी शुद्ध करण्याचे क्लोरीनही आहे, अशी तक्रार हैदराबाद सरकारने केली. मी मुक्तिसंग्रामाच्या बाजूचा आहे. तरी औषधांचा व्यवसाय करणारा माणूस या तक्रारीपाशी थांबतो. नाक्यावर अडलेली औषधाची पेटी रोग्याचा पक्ष विचारीत नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापुराहून नळदुर्गमार्गे निघाले. मीठ, कापड आणि अडत्यांची पत्रे ज्या वाटेने येत, त्याच वाटेने स्वातंत्र्य आले.

आज त्या वाटेवर नाका नाही. पुण्याहून सोलापूर, हैदराबाद करीत मच्छलीपट्टणला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ दोन्ही जुनी दारे जोडतो. परदेशी जाणाऱ्या मालाची सीमाशुल्क तपासणी आपल्या सनतनगरच्या कंटेनर डेपोतच होते. म्हणजे बंदर पुन्हा घराशी आले आहे.

गेली ती वही. दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या आम्हा जैनांच्या घरांतूनही जुन्या वह्या रद्दीत गेल्या, कारण मोडी वाचणारे कोणी उरले नाही. होमिओपॅथीत रोग्याची मागची सगळी हकीकत ऐकल्यावाचून औषध ठरवत नाहीत. घराण्याची हकीकत अशीच वहीत असते: कोणत्या गावचा अडत्या, किती करोडगिरी, कोणत्या साली उधारी थकली. राज्यांचे तह अभिलेखागारांत सुरक्षित आहेत. पण मिठाचे भाडे कोणी किती दिले, हे फक्त तुमच्या माळ्यावरच्या लाल कापडात बांधलेले असेल. ते कापड सोडा. वाचता आले नाही तरी प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या आणि तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात किंवा आपल्या संस्थेच्या ग्रंथालयात दाखवा. रद्दीवाला दारात येण्याच्या आधी एवढे करा.