शिंगणापूरची गाडी

चैत्रात शिखर शिंगणापूरला शंभू महादेवाची यात्रा भरते. शुद्ध अष्टमीला शिवपार्वतीचं लग्न लागतं आणि द्वादशीला सासवडची तेल्या भुत्याची कावड मुंगी घाट चढून वर जाते. गावोगावच्या कावडी येतात, त्यात आमच्या गावचीही असते. डोंगरावरचं तळं मालोजीराजे भोसल्यांनी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या आजोबांनी बांधलं. त्या कोरड्या मुलखात माणसाजनावराला पाण्याची किती ओढ असेल ते त्या तळ्यावरूनच कळतं. यात्रेबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. मला लिहायचं आहे ते यात्रेच्या आधीचं. करमाळा तालुक्यातून तिथवर बैलगाडी न्यायची, तर घरात महिनाभर काय काय चालायचं ते.

आमच्या गावापासून शिंगणापूर तीस कोस. मधे भीमा ओलांडायची, इंदापूरचा माळ तुडवायचा, मग नीरा, मग नातेपुते आणि शेवटी माणदेशचा डोंगर. ऊन चैत्राचं. जायला पाच रात्री, यायला पाच रात्री आणि देवापाशी पाच-सहा दिवस. एवढा पल्ला खिल्लार बैलाला जड नाही. पण पाणी चुकलं तर खिल्लारही बसतो, आणि बसलेला बैल घेऊन परमुलखात कुणाच्या दारात जायचं?

तयारी चाकापासून सुरू व्हायची. बाभळीचं लाकूड उन्हात वाळतं, आकसतं. लोखंडाची धाव काही आकसत नाही, म्हणून ती सैल होते आणि चाक खडखडायला लागतं. अशी गाडी दगडगोट्यावर घातली की धाव निघून रस्त्यावर पडायची. थोडंफार सैल असेल तर चाकं काढून डोहात आठ दिवस भिजत टाकायची. लाकूड फुगून धाव आवळली जायची. जास्तच सैल असेल तर लोहाराकडं. लोहार धाव उतरवायचा, तेवढा तुकडा कापायचा, पुन्हा सांधायचा आणि गोवऱ्यांच्या गोल आगटीत ती लाल करायचा. मग चौघांनी सांडशीनं धरून ती चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. चर्र आवाज होऊन धूर निघायचा, आरे करकरत आपापल्या भोकात घट्ट बसायचे. आम्ही पोरं ते बघायला शाळा बुडवायचो. सुतार-लोहाराला रोख पैसे नसत. नुकती ज्वारी मळून झालेली असायची, खळ्यावर त्यांचं बलुतं मापून जायचं.

आसाला एरंडेलात बुडवलेला ताग गुंडाळायचा. गाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं, त्यातलं वंगण रोज निघताना चाकाला द्यायचं. जादा सामान ठरलेलं असे: दोन शिवळा, जुपण्या, चाकाच्या खिळी, बाभळीच्या पाचरी, वाकस आणि कुऱ्हाड. बैलांना नालबंदाकडून पत्र्या मारून आणायच्या, एका पायाला दोन. मातीत नांगर ओढणाऱ्या बैलाला पत्री नसली तरी चालतं, पण तीस कोस खडीवर त्याची खुरं झिजून तो लंगडायला लागतो.

कडब्याचा हिशेब आबा, म्हणजे माझे आजोबा, बोटांवर करायचे. जोडीला दिवसाला दहा पेंढ्या. पंधरा-सोळा दिवसांच्या दीडशे झाल्या. त्यातल्या शंभर गाडीत भरायच्या, बाकीच्या यात्रेत विकत घ्यायच्या. शिवाय सरकीची पेंड आणि हुलग्याचा भरडा. जाताना माणसं कडब्यावर ऐसपैस बसायची आणि येताना फळ्यांवर हाडं मोडून घ्यायची. गाडीवर कामट्यांचं छप्पर घालून त्यावर तरट शिवलेलं असे. पण त्याच्या सावलीला म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या. बाप्यांनी चालायचं.

माणसांचं खाणं आज्जीच्या ताब्यात. पहिल्या रात्री पाडव्याच्या पोळ्या. पुढचे दोन-तीन दिवस दशम्या आणि धपाटे. नंतर तळावर तीन दगड मांडून भाकरी. शेंगदाण्याची चटणी, गूळ, आणि ऊन लागू नये म्हणून कांद्याचं अर्धं पोतं.

एवढं सगळं गाडीत मावायचं. मावायचं नाही ते पाणी. उन्हाळ्यात जोडीला दिवसाला सहा-सात घागरी लागतात. पाच दिवसांच्या तीस-पस्तीस झाल्या. एवढं पाणी गाडीत भरलं तर बैल पाणीच ओढत बसतील. म्हणून माणसांपुरता एक डेरा आणि दोन कळश्या बरोबर घ्यायच्या आणि बैलांचं पाणी वाटेवर सोडायचं. घ्यायचा तो दोर आणि पोहरा. चैत्रात विहिरी खोल जातात. पाच परसाची विहीर आणि चार परसाचा दोर, असं झालं तर खालचं पाणी बघत उभं राहायचं. म्हणून आबा दोर स्वतः अंगणात पसरून हातानं मोजायचे.

आता कुठली विहीर कुठं आहे आणि तिला यंदा पाणी किती, हे घरी बसून कसं कळणार? होळी झाली की माझे चुलते सायकल घेऊन पुढं जायचे. याला ‘वाट बघून येणं’ म्हणत. पाच तळ ठरलेले होते. तळाला सावली पाहिजे आणि पाणी पाहिजे. दोन्ही नाही मिळालं तर सावली सोडायची, पाणी धरायचं. चुलते प्रत्येक विहिरीच्या मालकाच्या ओसरीवर जाऊन रामराम घालायचे. “कुण्या गावचं पाव्हणं?” “करमाळ्याकडलं, शिंगणापूरला निघालाव. चार-पाच दिसांनी गाड्या येतील.” “येऊ द्या की, देवाच्या गाड्या.” एवढ्यावर पाणी ठरायचं. पैशाचा विषय नसे. येताना त्या घरी भंडारा-प्रसाद आणि खणाचा तुकडा द्यायचा.

त्याच जोडीला घरी एक काम असायचं. आमच्या वेशीबाहेर रस्त्याकडेला दगडी हाळ आहे. गाड्या निघायच्या आदल्या दिवशी तो घासून मोटेच्या पाण्यानं भरायचा, आणि आम्ही नसताना कोण भरणार त्याचा वार लावून द्यायचा. आबा म्हणायचे, “आपुन लोकांच्या विहिरीवर जाणार, तर आपला हाळ कोरडा नगं.”

पाडव्याला गुढी उतरली की गाड्या जुंपायच्या. सात-आठ गाड्या मिळूनच निघायच्या, त्याचं कारण भीमेची वाळू. नदीला पाणी नसे, पण वाळूत चाक तुंब्यापर्यंत रुतायचं. तिथं एका गाडीला दोन जोड्या लावून एकेक गाडी पैलतीरी न्यायची. एकटी गाडी तिथंच अडकली असती. चालायचं रात्री. पाडव्याची चंद्रकोर दिसायचीच नाही, म्हणून पहिल्या रात्री कंदिलावर. पुढं रोज चांदणं वाढत जायचं आणि परतीला तर पिठासारखं चांदणं असे. यात्रेची तिथी देवानं बैलांच्या सोयीनं धरली, असं आमची म्हातारी माणसं म्हणायची. इंदापूरच्या बाजूला इंग्रजांच्या काळातला नीरेचा डावा कालवा लागायचा. त्याला पाणी सुटलेलं असलं तर बैल सोडून दिवसभर निवांत.

आता १९७३ सालाचं सांगतो. आदल्या दोन वर्षांचे पाऊस आखडते आणि बहात्तरला तर पावसानं पाठच फिरवली. ज्वारी पेरली तशीच जळाली. गावातली निम्मी माणसं पाझर तलावाच्या कामावर, खडी फोडत. पोटाला मिलो आणि सुकडी. होळीनंतर आबांनी चाकं काढायला सांगितली, पण भिजवायची कुठं? डोहात चिखलही उरला नव्हता.

तरी चुलते सायकलवर गेले. चौथ्या दिवशी परत आले. ओसरीवर सगळे बसले होते.

“पाचातले तीन तळ कोरडे हायेत,” ते म्हणाले. “चौथ्यावर बाया रातच्याला विहिरीत उतरत्यात आन वाटीवाटीनं घागर भरत्यात.”

“मागितलं तर देतील का?” आबांनी विचारलं.

“देतील. देवाची गाडी म्हणल्यावर न्हाय कोण म्हणंल?”

“मग मागायचंच न्हाय,” आबा म्हणाले.

आज्जीला ते पटलं नाही. कावड आजवर चुकली नव्हती. दुष्काळातच तर देवाला गाऱ्हाणं घालायचं, आणि आपण घरात बसायचं? ती दोन दिवस आबांशी बोलली नाही. शेवटी आबांनी मार्ग काढला. गाड्या नाहीत, बैल नाहीत, बायकापोरं नाहीत. चौघा गड्यांनी कावड खांद्यावर घेऊन चालत जायचं. ते म्हणाले, “देवाला दोन कळश्या पुरत्यात. जोडीला सात घागरी लागत्यात.” भीमेच्या पात्रात त्यांनी झिरा खोदला, पाणी वर यायची वाट बघत रात्र काढली आणि कावडीचे कलश भरून पुढं गेले. कावड पोचली. आमची गाडी त्या चैत्रात तलावाच्या कामावर दगड ओढत होती. धाव सैलच होती, बारदानाच्या पट्ट्या कोंबून ती धरून ठेवली होती.

त्यानंतर गाड्या आणखी काही वर्षं गेल्या. १९८० ला उजनीचं धरण पुरं झालं आणि आमची भीमेची वाट पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळही त्याच पाण्यात आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याचं शिखर उघडं पडतं. दोन जोड्या लावून जिथं वाळू ओलांडायची, तिथं आता मासेमारीच्या होड्या फिरतात आणि काठाला ऊस उभा आहे. कावड अजून जाते, टेम्पोतून. चार तासांत माणसं पोचतात, पाण्याच्या बाटल्यांचे खोके बरोबर असतात. त्यात वाईट काही नाही. बैलांचे हाल वाचले, म्हाताऱ्यांना देव दिसला.

एक गोष्ट मात्र टेम्पोबरोबर सुटली. पूर्वी पाच गावांतली पाच घरं आम्हाला ओळखायची, आणि यंदा त्यांच्या विहिरीला पाणी किती हे आम्हाला ठाऊक असायचं. आता मधली गावं काचेतून मागं जातात.

वेशीबाहेरचा हाळ अजून आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ऊसतोडीवाल्यांच्या गाड्या साखर कारखान्यांकडं जाताना तिथं थांबतात. त्यांच्या गाडीत संसार असतो, कोंबड्या असतात, तान्ही पोरं असतात. पाणी मात्र त्यांनाही बरोबर नेता येत नाही. कुणी म्हणतं, हे रोजचेच झाले, किती दिवस पाणी द्यायचं? बोअरचं बिल कोण भरतं? मी मोटर चालू करून हाळात पाइप सोडतो. तीस कोसांच्या वाटेवर आमच्या बैलांनी जेवढं पाणी फुकट पिऊन ठेवलं आहे, ते अजून फिटलेलं नाही.