कवळाचा हिशेब

उत्तर कोकणातल्या भाताची सुरुवात पावसाने होत नाही, कवळाने होते. थंडी सरत आली की शेतकरी कोयता घेऊन ऐनावर, किंजळावर चढतो आणि शेंड्याचा झुबका राखून खालच्या डहाळ्या छाटतो. हे कवळ. रोपासाठी राखलेल्या तुकड्यावर शेण, कवळ, पालापाचोळा, गवत असे थर रचायचे, वर भुसभुशीत माती पसरायची आणि उन्हाळ्याच्या अखेरीस वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवून सगळे सावकाश जळू द्यायचे. हा राब. पहिल्या पावसावर या राखेत भात पेरतात आणि पुढे तिथलीच रोपे उपटून लावणी होते. भाजलेल्या मातीत तण कमी उगवते, रोप जोमाने येते. म्हणजे ठाणे-कुलाब्याच्या कुणब्याची शेती काही खात्यावरच्या खाचरात होती, तर काही डोंगरावरच्या झाडांत. मोठे वाद गावापर्यंत पोचले की गावाचे गाऱ्हाणे मोठे होते, असे आपण धरून चालतो. राबाचा इतिहास वेगळे सांगतो. आधी हवापाण्याच्या आणि नंतर स्वराज्याच्या वादाने हे गाऱ्हाणे उचलले, आपल्या मापाने बेतले, आणि डोंगरावरच्या हक्काची मूळ मागणी दोन्ही वेळा मागे पडली.

पहिला वाद आज वाटतो त्यापेक्षा जुना आहे. जंगल गेले की पाऊस कमी होतो, झरे आटतात, खाड्या गाळाने भरतात, हे म्हणणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कंपनी सरकारच्या डॉक्टर-वनस्पतिशास्त्रज्ञांत चांगलेच रुजले होते. त्यांच्यापैकीच एक, अलेक्झांडर गिब्सन, 1847 मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्यांची काळजी खरी होती. पण त्याच काळात सरकारला जहाजबांधणीसाठी साग हवा होता आणि 1853 नंतर रेल्वेच्या स्लीपरांसाठी लाकूड. पावसाची काळजी आणि लाकडाची गरज एकाच खात्याच्या हाती आली, आणि दोन्हींच्या आड येणारा माणूस एकच ठरला: कोयतेवाला. 1878 च्या वन कायद्याने राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन वर्ग केले. यांतला तिसरा वर्ग क्वचितच प्रत्यक्षात आला. राखीव रेषेच्या आत मात्र काल जो रिवाज होता तो आज गुन्हा झाला. जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जंगलखात्याने डोंगर-कुरणे बळकावल्याची तक्रार शेतकऱ्याच्या दारिद्र्याच्या कारणांत मांडली. तिला त्यांनी वेगळे प्रकरण मानले नाही, हे महत्त्वाचे. ठाणे-कुलाब्यातला असंतोष इतका वाढला की 1885 मध्ये सरकारला जंगल आयोग नेमावा लागला. राबाची उपयुक्तता मग सरकारदरबारी चर्चेत राहिली. काही सवलतीही मिळाल्या. पण सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो, आणि हक्काची गोष्ट तिथेच थांबली.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. राखीव रेषा आखली नसती तर सह्याद्री बोडका झाला असता, आणि राबासाठी दरवर्षी होणारी छाटणी झाडाला मारकच होती, असे म्हटले जाते. छाटणीने झाड खुरटते, हे खरे आहे. लोकसंख्या वाढली तसा डोंगरावरचा भार वाढला, हेही नाकारण्यात अर्थ नाही. पण शेंडा राखून छाटलेल्या झाडाला पुढच्या पावसात फांद्या फुटतात, आणि कुणब्याला ते झाड पुढच्या वर्षीही हवे असते. मुंबईच्या चुली आणि कारखान्यांसाठी कोळसा पाडणारा ठेकेदार बुंध्याला हात घालतो. दोन्ही महायुद्धांच्या काळात सरकारी गरजेसाठी ज्या तोडी झाल्या त्याही राखीव रेषेच्या आतच झाल्या. ती रेषा झाड वाचवण्यासाठी होती, पण झाड कोणी तोडायचे हेही तीच ठरवत होती. हा दुसरा अर्थ पर्यावरणाच्या भाषेत दिसेनासा झाला.

1930 मध्ये दुसरा वाद डोंगरापाशी आला. मिठाचा सत्याग्रह समुद्राकाठी शक्य होता, आणि पावसाळ्यात तिथेही मीठ पिकवता येत नाही. देशावर आणि वऱ्हाडात कायदा मोडायचा तर तोडायला जंगल होते. 10 जुलै 1930 रोजी बापूजी अणे यांनी पुसद इथे गवत कापून जंगल सत्याग्रह केला. साताऱ्याकडच्या बिळाशीत लोक रानात उतरले. कुलाबा जिल्ह्यातल्या चिरनेरला 25 सप्टेंबर 1930 रोजी आक्कादेवीच्या डोंगराकडे निघालेल्या जमावावर गोळीबार झाला. आंदोलक पडले, खुद्द मामलेदारही त्यात मारला गेला. हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होता. कातकऱ्याला खाचर नव्हते, राबही नव्हता. त्याचे सगळेच जंगलात होते. अणे यांनी कापलेले गवत हे सरकारच्या अधिकाराला आव्हान होते. गावकऱ्याला तेच गवत जनावरांपुढे टाकायचे होते. दोघांच्या हातांत एकच विळा होता, पण त्यांची मागणी एक नव्हती.

फरक मार्च 1931 मध्ये उघड झाला. गांधी-आयर्विन करारात मिठासाठी कलम आहे: मीठ जिथे तयार होते किंवा गोळा करता येते, तिथल्या गावांना घरच्या वापरापुरती आणि गावातल्या विक्रीपुरती मोकळीक मिळाली. जंगलासाठी असे एकही कलम नाही. चिरनेरनंतर सहा महिन्यांत झालेल्या या करारात चराईचा, गवताचा, कवळाचा उल्लेख नसावा, हे मला त्या सगळ्या इतिहासातले सर्वांत बोलके मौन वाटते. यावर कोणी म्हणेल की काँग्रेस नसती तर चिरनेरची हाक कुलाब्याबाहेर ऐकू गेली नसती, आणि राष्ट्रीय वाटाघाटीत प्रत्येक गावाचे गाऱ्हाणे मावत नाही. पहिला मुद्दा मला मान्य आहे. त्या आंदोलनाला जे बळ आले ते चळवळीमुळेच. पण दुसरा मान्य नाही. मिठाचे गाऱ्हाणेही गावागावांचेच होते, आणि ते मावले. फरक इतकाच की मिठाला राष्ट्रीय प्रतीकाची जागा मिळाली होती. जंगल त्या वर्षी हाती आलेले साधन होते, आणि हंगाम संपल्यावर ते खाली ठेवले गेले.

म्हणूनच 1947 नंतरही 1927 चा वन कायदा तसाच राहिला. त्यातले ग्रामवनाचे 28 वे कलमही बहुतांशी निजलेलेच राहिले. 1980 च्या वन संवर्धन कायद्याने राज्यांचे हात बांधले. त्यामागची काळजी पुन्हा खरीच होती, पण कवळ तोडणाऱ्याचे त्यात स्थान नव्हते. संसदेने आदिवासींवर आणि इतर वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत लिहिले ते 2006 मध्ये. त्या कायद्याखाली 2009 मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे आपल्या बांबूची विक्री गावाने स्वतः केली. इथे दिल्लीतला कायदा आणि गावातली मागणी एका रेषेत आली, कारण गाव कायद्याच्या कितीतरी आधीपासून ग्रामसभेत बसून आपल्या जंगलाचा विचार करत होते.

कोकणातल्या कुणब्याचे काम याहून अवघड आहे. तो अनुसूचित जमातीत मोडत नाही, म्हणून तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य त्याला दाखवावे लागते. पुरावा म्हणून गॅझेटियर, जमाबंदीचे अहवाल, जंगलविषयक चौकशीचे कागद आणि न्यायालयांचे निकाल चालतात. म्हणजे 1885 च्या आयोगापुढे झालेल्या तक्रारी आणि कवळ तोडल्याबद्दल झालेल्या शिक्षा हाच त्याचा पुरावा होऊ शकतो. पणजोबाला झालेल्या दंडाच्या निकालाची नक्कल काढून आज त्याचा पणतू दाव्याला जोडू शकतो.