घरच्या संगणकासाठी कोश निवडताना

घरात संगणक आला की मुलांसाठी त्यात एखादा शब्दकोश टाकून द्यावा, असे प्रत्येक पालकाला वाटते. उर्दू माध्यमाच्या मुलांचे पालक तर हा प्रश्न आम्हा शिक्षकांना हमखास विचारतात. त्यांची अडचण खरी आहे. मूल शाळेत उर्दू वाचते, बाजारात मराठी बोलते, अर्ज इंग्रजीत भरते आणि घरात या तिन्हींपेक्षा वेगळी बोली ऐकते. अशा मुलाला कोणता कोश द्यावा? बहुतेक घरांत जो फुकट मिळेल तो घेतला जातो. कोश म्हणजे शब्द आणि अर्थ, एकाने दिला काय आणि दुसऱ्याने दिला काय, असा समज त्यामागे असतो. हा समज किती अपुरा आहे हे कोशांच्या इतिहासावरून कळते. म्हणून आधी तो इतिहास थोडक्यात पाहू.

संगणकावर 'डिक्शनरी' आणि 'थिसॉरस' अशी दोन नावे शेजारी दिसतात. पहिलीत शब्दावरून अर्थ शोधायचा, दुसऱ्यात अर्थावरून शब्द. लंडनच्या पीटर मार्क रॉजेटने आपला थिसॉरस १८५२ साली छापला आणि तेव्हापासून हे नाव रूढ झाले. परंतु अर्थावरून शब्द गोळा करण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. संस्कृतातील 'अमरकोश' विषयवार वर्गांत मांडलेला असून विद्यार्थी तो पाठ करीत. अरबी कोशकारांची वाट निराळी होती. आठव्या शतकात बसऱ्याच्या खलील बिन अहमद यांनी 'किताबुल ऐन' रचला. त्यांनी अक्षरे उच्चाराच्या जागेप्रमाणे लावली आणि घशातून निघणाऱ्या 'ऐन'पासून आरंभ केला. आपली 'क, ख, ग' ही वर्णमालाही कंठापासूनच सुरू होते, हे साम्य विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखे आहे. पुढे फिरोजाबादींचा 'कामूस' इतका गाजला की अरबीत 'कामूस' म्हणजेच शब्दकोश असा अर्थ झाला.

आता दख्खनकडे येऊ. बहामनी काळापासून इथला दरबारी व्यवहार फारसीत चाले आणि गावपातळीवरचे हिशेब मराठीत. एकच कारकून दोन्ही भाषा हाताळी. त्यामुळे किल्ला, तोफ, शाई, कागद, अर्ज, जमीन, पीक या सगळ्या कामांत फारसी-अरबी शब्द मुरले. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि त्यानंतर त्यांच्या आज्ञेने रघुनाथ पंडित हणमंते यांनी 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध केला. यात दुर्ग, लेखन, पण्य असे दहा वर्ग असून रूढ फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. मजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, सरनोबताचा सेनापती आणि डबिराचा सुमंत.

या कोशाची दुसरी बाजूही आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावी. जे शब्द बदलायचे त्यांची आधी यादी करावी लागते. त्यामुळे सतराव्या शतकात मराठी राज्यकारभारात कोणते फारसी शब्द चालत होते, याची उत्तम नोंद याच कोशाने आपल्यासाठी जपली. शिवाय कोशाने पर्याय दिले तरी लोकांच्या जिभेने आपलाच निवाडा केला. पुढच्या शतकात ज्या पदाचे नाव हिंदुस्थानभर गाजले ते 'पेशवा' हे फारसीच राहिले, आणि 'फडणीस' हे नाव तर आजही आडनाव म्हणून नांदते आहे.

इंग्रजी अमलात कोशाचा हेतू पालटला. कंपनीच्या अंमलदारांना रयतेची भाषा कळावी म्हणून जेम्स मोल्सवर्थने पंडितांच्या आणि कँडी बंधूंच्या साहाय्याने मराठी-इंग्रजी कोश तयार केला. तो १८३१ साली निघाला आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली आली. शब्द संस्कृत, अरबी, फारसी की हिंदुस्थानी, याची खूण मोल्सवर्थ शब्दापुढे देतो. परका म्हणून तो कोणताच शब्द गाळीत नाही. लोक बोलतात ना, मग तो मराठी, असा त्याचा व्यवहार आहे. मात्र जाती आणि धर्म यांविषयीच्या त्याच्या व्याख्यांत त्या काळच्या साहेबाची नजर आहे. त्या मुलांनी जशाच्या तशा उतरवू नयेत.

उर्दूत याच सुमारास मोठे काम झाले. फॅलनचा हिंदुस्थानी-इंग्रजी कोश १८७९ साली आला. त्याने बोलीतले, विशेषतः स्त्रियांच्या तोंडचे शब्द अगत्याने घेतले. १८८४ साली प्लॅट्सचा उर्दू, हिंदी आणि इंग्रजी कोश निघाला. फॅलनच्या हाताखाली काम केलेले सय्यद अहमद देहलवी यांनी पुढे चार खंडांचा 'फरहंगे-आसफिया' केला. निजामाच्या आसफजाही घराण्याची आठवण त्याच्या नावातच आहे.

मराठी आणि फारसी यांना थेट जोडणारा कोश मात्र एका मराठी कवीने दिला. माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजेच माधव जूलियन, हे फारसीचे प्राध्यापक. त्यांचा 'फारसी-मराठी कोश' १९२५ साली प्रसिद्ध झाला. मराठीत गझल रुजवणाऱ्या या कवीने १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून शुद्धीची बाजू घेतली. सावरकरांच्या भाषाशुद्धीचा तो काळ होता. 'तारीख' जाऊन 'दिनांक' येत होता. माणसाचे मत पालटले, पण त्याने केलेला कोश पालटला नाही. आजही एखाद्या मराठी शब्दाचे फारसी मूळ पाहायचे तर आपण याच कोशाकडे जातो. त्याच दशकात यशवंत रामकृष्ण दाते आणि सहकाऱ्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ पासून खंडाखंडाने निघाला.

हा सारा इतिहास घरच्या संगणकाशी कसा जोडलेला आहे, ते वर्गातल्या अनुभवावरून सांगतो. 'त्याने प्रयत्नांची शिकस्त केली' हे वाक्य उर्दू माध्यमाच्या मुलापुढे ठेवले तर तो अर्थ लावतो, 'त्याचे प्रयत्न हरले'. मूल निर्बुद्ध नाही. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे पराभवच. मूळ फारसी धातूचा अर्थ मोडणे. उर्दूने त्यातून हार घेतली आणि मराठीने मोडेपर्यंत केलेले कष्ट घेतले. असे शब्द थोडे नाहीत. उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल किंवा कृती, मराठीत आक्षेप. उर्दूत 'खुलासा' म्हणजे सारांश, मराठीत स्पष्टीकरण. 'मजकूर' तिकडे उल्लेखिलेला, इकडे लिहिलेले सारे. 'तालीम' तिकडे शिक्षण, इकडे पैलवानांचा आखाडा. 'रजा' तिकडे संमती, इकडे सुटी.

फक्त उर्दू-इंग्रजी कोश पाहणाऱ्या मुलाला मराठीतला अर्थ कधीच सापडणार नाही. फक्त मराठी-इंग्रजी कोश पाहणाऱ्याला हा आपल्याच घरचा शब्द आहे हे उमगणार नाही. परिणाम काय होतो? उर्दू शाळेतले मूल मराठीला परकी समजून घाबरते आणि दहावीला त्याच विषयात मागे पडते. मराठी शाळेतल्या आपल्या मुलाला आपण बोलतो ते 'अशुद्ध' असे वाटू लागते. दोघांचेही नुकसान होते. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की आपल्या घरात एक कोश पुरत नाही. निदान दोन समोरासमोर हवेत.

सुदैवाने आज ते अवघड नाही. मोल्सवर्थ, दाते, फॅलन आणि प्लॅट्स हे कोश शिकागो विद्यापीठाने शोधता येतील अशा रूपात इंटरनेटवर ठेवले आहेत. 'रेख्ता'च्या कोशात उर्दू शब्द देवनागरी लिपीतूनही शोधता येतो. मराठी समानार्थी शब्दांसाठी मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले मराठी वर्डनेट आहे. ज्या घरात इंटरनेट बेभरवशाचे आहे त्यांनी 'गोल्डनडिक्ट'सारखी मोफत प्रणाली घ्यावी. तिच्यात अनेक कोश एकत्र भरता येतात आणि एक शब्द टाकला की सगळ्यांतले अर्थ एकाखाली एक दिसतात.

निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, कोशकाराचे नाव आणि साल दिले आहे काय? ज्यावर नाव नाही तो कोश कुठून उतरवला हे कळत नाही. दुसरी, शब्दाचे मूळ सांगितले आहे काय? तिसरी, शोध नीट लागतो काय? यात बारीक खोच आहे. युनिकोडमध्ये नुक्त्याचे 'ज़' हे अक्षर दोन प्रकारे साठवता येते. तसेच अरबी काफ आणि उर्दू काफ, अरबी ये आणि उर्दू ये यांचे संकेत वेगवेगळे आहेत. डोळ्यांना अक्षर तेच दिसते, पण काही प्रणालींना ते सापडत नाही. तेव्हा 'शब्द नाही' असे उत्तर आले तर नुक्ता काढून किंवा कळफलक बदलून पुन्हा शोधावे. चौथी, कोश दुसऱ्या प्रणालीत नेता येतो काय? मायक्रोसॉफ्टचा 'एन्कार्टा' ज्ञानकोश एके काळी घरोघरी होता. २००९ साली कंपनीने तो बंद केला आणि त्याच्या तबकड्या कपाटात पडून राहिल्या. कंपनी गेली तरी कोश आपल्यापाशी राहिला पाहिजे.

एवढे करूनही काही शब्द कुठेच सापडणार नाहीत. कोकणातल्या मुस्लिम घरांतले पदार्थ आणि नातीगोती, मराठवाड्यातल्या दखनीत मिसळलेली मराठी, बागवान, अत्तार, मणियार यांच्या धंद्यातली बोली, यांतले पुष्कळसे छापील कोशांच्या बाहेरच आहे. ते शब्द आपल्या आजी-नानींच्या तोंडी आहेत. मुलांनी त्यांच्यापाशी बसून शब्द, अर्थ, गाव आणि एक वाक्य एवढे संगणकावर साध्या फाइलीत देवनागरीत उतरवावे. उन्हाळ्याच्या सुटीत एका घराने शंभर शब्द लिहिले तरी पुष्कळ. पुढच्या कोशकाराला ते उपयोगी पडतील.