स्टिअरिंग घरी बदलण्याची गोष्ट

१/ आरंभीच्या बहुतेक मोटारी नावेप्रमाणे दांड्याने वळत. १८९४ च्या पॅरिस–रुआँ शर्यतीत आल्फ्रेड वाशरों यांनी आपल्या पानार गाडीला चाक बसवले.

२/ सत्तर वर्षांनी, १९६४ मध्ये, जानपिएरो मोरेत्ती या इटालियन शर्यतपटूने स्वतःच्या गाडीसाठी जाड पकडीचे स्टिअरिंग घडवून घेतले. तसेच जॉन सर्टीज यांच्या फेरारीत बसले आणि त्याच वर्षी सर्टीज जगज्जेते ठरले. मोरेत्ती व मोंझा यांच्या आद्याक्षरांतून ‘मोमो’ हे नाव आले.

३/ हौशी मालकाला हे काम घरीच जमे. पुढची चाके सरळ ठेवायची, हॉर्नचे बटण काढायचे, मधला नट सैल करायचा. तो पूर्ण काढायचा मात्र नाही. नाहीतर घट्ट बसलेले स्टिअरिंग ओढताना एकदम सुटून तोंडावर आदळे.

४/ धोका त्यामागच्या दांड्यात होता. समोरासमोरच्या धडकेत तो चालकाच्या छातीत घुसे. अमेरिकेने १९६८ पासून नव्या मोटारींना आघात शोषणारा दांडा सक्तीचा केला. पुढे स्टिअरिंगच्या पोटात एअरबॅग आली आणि घरगुती हौस अवघड झाली.

५/ १९८९ साली आलेल्या माझदा एमएक्स-५ मध्ये हा पेच स्पष्ट दिसतो. अमेरिकी गाडीला एअरबॅगचे बोजड स्टिअरिंग. जपानी ‘व्ही स्पेशल’ला नार्दीचे देखणे लाकडी. अमेरिकी मालकाला तसलेच हवे असेल, तर छातीसमोरची एअरबॅगच उतरवावी लागे. सौदा महागच, तरी अनेकांनी तो केला. त्यासाठी आधी बॅटरीची तार सोडवून काही वेळ थांबावे लागे, कारण यंत्रणेत वीज शिल्लक राहते आणि त्या पिशवीमागे स्फोटक द्रव्य असते.