पद्मिनी मोटारगाडीतील गिअरपेटीबदल
सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या (१९४४) प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला कारखान्यात फियाट ११०० च्या आराखड्यावरून ही गाडी तयार होई. तिच्या चार गतींच्या गिअरपेटीचा दांडा सुकाणूचक्राखाली असे. त्यामुळे पुढे सलग आसन मावे व टॅक्सीला ते सोयीचे पडे. तथापि दांड्यापासून पेटीपर्यंतच्या सळ्यांचे सांधे झिजले, की गिअर नीट पडत नसे. ११८ एनई (१९८५) या गाडीत निस्सान एंजिनासह तळातून दांडा असलेली पेटी आली. जुन्या पद्मिनीत तशी पेटी बसवावयाची, तर तळपत्रा कापावा लागतो, पेटीचा आधार बदलावा लागतो आणि मागील आसाकडे जाणाऱ्या दंडाची लांबी जुळवावी लागते. गिअर अचूक पडतो. सलग आसनाची ऐसपैस जागा मात्र जाते आणि कापलेला पत्रा पूर्ववत होत नाही.